फाल्गुन वद्य षष्ठी

माळाची वाडी (कुडपणच्या पलीकडे),
ता. पोलादपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अनुपमा हिस,

सयाजी कोंडाजी मोरे याचे अनेक आशीर्वाद. जननीआईच्या कृपेनं इकडे सगळी मंडळी खुशाल हाय. तुझी खुशाली कळव.

मी कोण, तर तुझ्या बापाचा मोठा भाऊ. तू मला पाहिलं नायस, मी तुला पाहिलं नाय, पण रक्त रक्ताला ओळखतं. हैबती गेल्याचं आम्हाला सहा महिन्यांनी कळलं, ते पण पोलादपूरच्या बाजारात, परक्याच्या तोंडून. तुझी काकी बनुबाई दोन दिवस जेवली नाय. मागाहून तुझी आई इंग्लंड सोडून महाडला येऊन राहिली असं समजलं. भेटायला जायचं मनात होतं, पण कधी गुडघे, कधी कापणी, असं करता करता राहिलं.

आता मुद्द्याचं लिहितो. माझा नातू रितेश, म्हणजे तुझ्या चुलतभावाचा, विनीतचा मुलगा, इंजिनियर झाला. त्याला तुमच्या कॉव्हेंट्रीला पुढच्या शिक्षणाला जागा मिळालीय. जानेवारीत जायचं. फीचं झालं, विमानाचं झालं आणि गाडी खोलीशी येऊन अडलीय. तिथला घरमालक म्हणतो, इथं राहणारा कोणी जामीन म्हणून सही देईल तरच खोली. एजंट हात वर करून मोकळा झाला. आता त्या अख्ख्या मुलखात आमच्या ओळखीचं माणूस एकच, तू. तुझा पत्ता तलाठ्याकडच्या वारसनोंदीच्या कागदावर होता, तिथनं उतरून घेतला.

पोरगा गुणाचा हाय, सुपारीचं खांड खात नाय. एक सही, बस. झालं गेलं गंगेला मिळालं. जुनं उकरून कोणाचं भलं झालंय? तू शिकलेली हायस, समजून घेशील. रितेशचा फोन नंबर खाली देतोय.

तुझा काका,
सयाजी

---

कॉव्हेंट्री
८ डिसेंबर २०२४

ती. सयाजीकाका,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. आमच्या घरात आलेलं हे तुमचं दुसरं पत्र. पहिलं बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात आहे, बारा मार्च १९९१ चं. ते मला तोंडपाठ आहे, तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते.

‘गावकीत बसून ठरवलं. हैबती नावाचा भाऊ आम्हाला नव्हता असं धरलं. देवीच्या गाऱ्हाण्यातनं तुझं नाव काढलं. त्या बाईला सोडत नायस तोवर तू किंवा तुझ्या पोटचं या उंबऱ्याला आलं तर दार उघडणार नाय.’

त्या बाईला म्हणजे माझ्या आईला. आम्रपाली तिचं नाव, महाडच्या बौद्धवाड्यातल्या मास्तरांची मुलगी. आणि पोटचं म्हणजे मी. तेव्हा मी चार महिन्यांची पोटात होते. म्हणजे काका, तुम्ही मला पाहिलं नाही हे खरं, पण हाकललं मात्र होतं.

रितेशला मी फोन करणार नाही. तुम्हीही मला करू नका. बाबांना जे सांगायचं ते तुम्ही तोंडावर न सांगता कागदावर सांगितलंत, तर आपलंही कागदावरच होऊ दे. बोललेलं माणूस गिळतो. लिहिलेलं गिळायला जड जातं.

बाबांनी इथे सव्वीस वर्षं दुसऱ्याच्या हॉटेलात तंदूर सांभाळला. दर शिमग्याला ते त्या बिस्किटांच्या डब्यावर बोटांनी पालखीपुढचा खालू बाजा वाजवायचे आणि एक्क्याण्णवच्या शिमग्याची तीच गोष्ट सांगायचे, त्याच शब्दांत. पालखी शेजारच्या दारात नाचली. आमच्या दाराकडे वळलीच नाही. सरळ पुढे गेली. पुढची दांडी कोणाच्या खांद्यावर होती, हे मी विचारायची, आणि ते म्हणायचे, जाऊ दे गो. मी मोठी झाल्यावर आईनं सांगितलं. तुमच्या खांद्यावर होती.

माझं काय झालं तेही ऐका. शाळेत मी डब्यात नाचणीची भाकरी न्यायची, तर पोरं शेण खाते म्हणायची. घरी येऊन मी बाबांवर ओरडले, मला ब्रेड द्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ब्रेड दिला आणि भाकरी मुकाट्यानं स्वतःच्या डब्यात घातली. इथे मी काळी, महाडला सुट्टीत आले की इंग्लंडवाली, आणि तुमच्याकडे तर पाऊल टाकायची चोरी. मी बारा वर्षांची असताना बाबांनी मला कुडपणच्या अलीकडच्या वळणापर्यंत नेलं. रिक्षा थांबवली, बोट दाखवलं, म्हणाले, ते पडकं कौलारू आपलं. तिथूनच आम्ही परत फिरलो. काका, इंग्लंडातून एवढं लांब येऊन आम्ही एका वळणावरून परत फिरलो!

सही देते. पण माझं म्हणणं असं:

या शिमग्याला पालखी बाबांच्या घराला गेली पाहिजे. घर पडलंय हे ठाऊक आहे, चौथरा आहे. तुमच्या वाडीची पाळी रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी असते, बाबा सांगायचे. त्या दिवशी पुढची दांडी तुम्ही स्वतः घ्यायची, विनीतदादानं नाही. चौथऱ्यासमोर तुम्ही मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं आणि त्यात दोन नावं घ्यायची, हैबती कोंडाजी मोरे आणि त्याची बायको आम्रपाली. मुंबईकरांसकट सगळ्यांनी ऐकलं पाहिजे. आई चौथऱ्यावर उभी असेल, ती ओटी भरेल. मला रजा नाही, मी येणार नाही. मला यायचंही नाही. मला फक्त ते झालेलं हवं.

गावकी काय म्हणेल हे मला लिहू नका. गावकी म्हणजे तुम्ही.

अनुपमा हैबती मोरे

---

माळाची वाडी
२८ डिसेंबर २०२४

चि. अनुपमा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून रात्रभर झोप नाय. बाप तुझा मऊ होता, तू कोणावर गेलीस? माझ्यावरच गेलीस बहुतेक.

तुला वाटतं हे सोपं हाय. रीत समजून घे. पालखी एकदा दाराकडे वळवली की वळवली. पुढच्या दांडीवाल्यानं खांदा बदलायचा नाय, पालखी भुईला टेकवायची नाय आणि त्या घरच्या बाईनं ओटी भरल्याबिगर तिथनं हलायचं नाय. मी सत्तरीला आलोय. तरणा होतो तवाची गोष्ट निराळी.

मी गावकी बोलावली. चार जण चार तोंडांनी बोलले. एकजण म्हणाला, सयाजी, तूच बंद केलंस आणि तूच उघडतोस, मग आम्ही मधली चौतीस वर्षं त्यांच्याशी का नाय बोललो? शेवटी चांगू गुरव बोलला. म्हणाला, जननीआयनं त्या घराला नको म्हटलंय असं मी तरी कधी ऐकलं नाय, तुम्हीच म्हटलंत. त्यावर ठरलं.

तर फाल्गुन वद्य षष्ठी, सकाळी अकराच्या सुमारास. चौथऱ्यावरचं रान विनीत साफ करून देईल. खण, नारळ, तांदूळ बनुबाई तयार ठेवील, तुझ्या आयशीनं फक्त वेळेवर यायचं. महाडातनं पहिली गाडी धरली तर पोलादपूरला आठाला येते, तिथनं जीप लावून ठेवतो.

मी शब्द दिला. आता तुझा बघू.

सयाजी कोंडाजी मोरे

---

कॉव्हेंट्री
२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

सही दिली. तुमचा रितेश आला, खोलीत गेला, स्थिरस्थावर झाला. तुम्ही काळजीत असाल म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पहिल्या रविवारी मी त्याला जेवायला बोलावलं. खाली मान घालून जेवला, तीन वेळा भात घेतला. खोलीत त्याचा जोडीदार कोण आहे, सांगितलं का त्यानं? सुहास कांबळे, नागपूरचा. स्वयंपाक सुहास करतो, भांडी रितेश घासतो. एका पातेल्यातलं खातात दोघं. परवा त्याला ताप आला तर सुहासनंच पेज करून चमच्यानं पाजली. कोणाच्या हातची पेज घशाखाली उतरते आणि कोणाच्या नाही, हे तापात कळत नसावं.

संध्याकाळी तो एका खाटकाच्या दुकानात फरशी धुतो. गळ्यातली माळ काढून खिशात ठेवतो, पाण्यात भिजते म्हणे. आणि काका, दुकानात त्याला रितेश म्हणायला कोणाला जमत नाही. तिथे तो रिच आहे. त्यानंच सांगितलं, कॉल मी रिच. मला म्हणाला, आत्या, आबांना सांगू नका हं.

सांगितलं बघा मी.

मला हे लिहिताना फार मजा येतेय, खोटं कशाला बोलू. पोरगा मात्र वाईट नाही. त्या ‘रिच’वर मात्र मला एकदम संताप आला, का ते मला कळलं नाही. मी त्याला म्हटलं, नीट नाव सांगायला लाज वाटते का? तो माझ्याकडे बघत राहिला.

आईला फोन करून सगळं सांगितलंय. ऐकून घेतलं आणि बरं म्हणाली. तिला किती वर्षांनी हे बघायला मिळणार, तिला शब्द सुचले नसतील. तुम्ही खांद्याला तेल लावायला लागा. अजून दीड महिना आहे.

अनुपमा हैबती मोरे

---

माळाची वाडी
१८ फेब्रुवारी २०२५

अनुपमा,

आशीर्वाद वगैरे राहू दे या खेपेला.

रितेशनं आम्हाला खोलीच्या कागदांचे फोटो धाडले. त्यात जामीनदाराची सही हाय. विनीतनं वाचून दाखवली. मी म्हटलं, परत वाच. ॲना मूर. कोण गो ही ॲना मूर? मला वाटलं पोराला कोणा मडमेनं जामीन दिला. रितेश म्हणाला, आबा, ती आत्याच. तिचं सगळीकडे तेच नाव हाय. घराच्या दारावर पण तेच.

आणि मला पत्र लिहिताना अनुपमा हैबती मोरे! वा गो वा. मोठी आली बापाचं नाव देवीपुढं घ्यायला लावणारी. मी त्याचं नाव वर्षातनं एकदा नाय घेतलं. तू तर रोज उठून नाय घेतलंस. मी चारचौघांत काढलं, शिव्या खाल्ल्या. तू गपचूप काढलंस. रितेशनं दुकानात नाव फिरवलं म्हणून त्याला बोललीस ना? त्याला बोलताना तुझी जीभ कशी नाय अडखळली?

चाळणीनं सुईला नाव ठेवलं ते हेच.

पालखी येईल. मी शब्द फिरवत नाय, माझं पोर तुझ्या सहीवर तिथं राहतंय एवढं मला कळतं. पण तुझ्या बापासाठी हे तू करतेस असं मला पुन्हा लिहू नको. कोणासाठी करतेस ते तुझं तू बघ.

सयाजी

---

कॉव्हेंट्री
६ मार्च २०२५

काका,

मी तीन वेळा लिहायला बसले आणि फाडलं.

हो. मी ॲना मूर आहे. अठराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जाऊन केलं. शाळेत हजेरी घेताना माझ्या नावाशी बाई थांबायच्या, वर्ग हसायला लागायचा, मग त्या काहीतरी भलतंच म्हणायच्या. ते थांबणं मला नको होतं. दोन अक्षरं इकडची तिकडे केली आणि कोणी थांबेनासं झालं. नोकरीसाठी सहा ठिकाणी मोरे म्हणून अर्ज केला होता, एकानंही बोलावलं नाही. मूर म्हणून केला आणि दोघांनी बोलावलं.

बाबांना आम्ही सांगितलं नव्हतं. एक दिवस बँकेचं पाकीट आलं, त्यांनी नाव वाचलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं, म्हणाले, पोस्टमनला घर सापडलं ना, मग झालं. आणि कामावर गेले. त्या वर्षी शिमग्याला त्यांनी डबा वाजवला नाही. त्यानंतर कधीच वाजवला नाही.

तुम्हाला हेच हवं होतं ना? घ्या. तुम्ही अचूक जिथे दुखतं तिथे बोट ठेवलंत, माझ्याच काकांचं बोट ते. पण यामुळे तुमचं सुटलं असं समजू नका. मी नाव का बदललं? माझ्यामागे एक वाडी असती, पन्नास माणसं असती, माझं नाव देवीपुढे घेणारा एक तरी म्हातारा असता, तर त्या वर्गाच्या हसण्याला मी भीक घातली असती का? तिकडून तुम्ही ढकललं, इकडून त्यांनी. मधे मी एकटी होते. मला तुमचा राग येतो, काका. सकाळी उठल्यावर येतो. मला माझाही येतो, पण माझ्या खांद्यावर मी पालखी देऊ शकत नाही. तुमच्या देऊ शकते.

तेव्हा ठरलेलं ठरलं. फाल्गुन वद्य षष्ठी. चांगलं कडक ऊन पडू दे.

अनुपमा. पुढे काय लिहू ते तुम्हीच ठरवा.

---

माळाची वाडी
२३ मार्च २०२५

अनुपमा,

हे विनीत लिहितोय, मी सांगतोय. माझा उजवा हात वर होत नाय.

सांगितल्याप्रमाणं अकराला पालखी चौथऱ्याकडे वळवली. पुढची दांडी माझ्या खांद्यावर. सगळी मुंबईची मंडळी, खालू बाजा, पोरं फोन उंच धरून. मी गाऱ्हाणं घातलं. हैबती कोंडाजी मोरे म्हटलं. त्याची अस्तुरी आम्रपाली म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, विनीतला विचार. हैबतीचं नाव घेताना मला काय झालं ते मी तुला सांगणार नाय.

डोळे उघडले तर चौथऱ्यावर कोणी नाय.

आम्हाला वाटलं जीप पोचली नाय. जीपवाला बोलला, मी पोलादपूरला आठपासून उभा होतो, बाई आलीच नाय. साडेअकरा झाले, बारा झाले. वाजंत्री थकून सावलीला बसले. मागचे खांदे बदलत होते, मला बदलायचा नव्हता. विनीत फटफटी काढून महाडला गेला. तुला माहीत हाय का इथनं महाड किती लांब? एकाला गेला तो पाचाला परतला, आणि एकटाच. म्हणाला, भेटली. येत नाय म्हणाली.

तवर वाडीतली पोरं हसायला लागली होती. एक बोलला, चौथऱ्यानं पालखीलाच वाळीत टाकली. सगळे हसले. माझे सगळे मानकरी हसले गो. मी सरपंच होतो दहा वर्षं.

शेवटी बनुबाई पुढं झाली. मी मान हलवून नको म्हटलं. ती सगळ्यांदेखत बोलली, त्या वर्षी ती बिचारी दारात उभी होती तवा मी आमच्या घरात आतनं कडी लावून बसले होते, आज मी या घरची म्हणून ओटी भरते, ज्याला अडवायचंय त्यानं यावं. चढली चौथऱ्यावर. ओटी भरली. पालखी उतरवल्यावर मी बसलो तो मला उचलून घरी न्यावा लागला.

तू आणि तुझी आई, दोघींनी मिळून केलंत. फार विचार करून केलंत. आता पोराची सही मागं घ्यायची तर घे, त्याला थंडीत बाहेर काढायचं तर काढ. पण एवढं कबूल कर, मी बोललो ते केलं का नाय?

सयाजी

---

महाड
३० मार्च २०२५

अनू,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू ओरडशील, मी रडेन आणि सांगायचं ते राहून जाईल. तुमचं दोघांचं म्हणे सगळं कागदावर चाललं होतं, मग माझंही कागदावर घे.

सयाजीचं पत्र तू फोटो काढून पाठवलंस, ते दोनदा वाचलं. तुला वाटतंय माझी तब्येत बिघडली असेल, गाडी चुकली असेल. काही बिघडलं नाही नि काही चुकलं नाही. तुम्ही दोघं तिथी लिहीत बसलात. फाल्गुन वद्य षष्ठी. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात केवढ्या मोठ्या अक्षरात वीस आकडा होता. वीस मार्च. त्या दिवशी मी कुठे असते, गो?

महाडात जन्मलेल्या बौद्धाच्या पोरीला वीस मार्चला चवदार तळ्याशिवाय दुसरी जागा असते का? माझे आजोबा सत्तावीस साली त्या दिवशी त्या पाण्यात उतरलेल्यांत होते. कॉव्हेंट्रीतसुद्धा त्या तारखेला मी पहाटे अंघोळ करून, पांढरी साडी नेसून, पाण्याचा एक पेला समोर ठेवून बसायची. तू विचारायचीस, आई, तुझा उपास आहे का? बाबा तुला म्हणायचे, आज आईला एकटं सोड. तू सोडायचीस. बाबांच्या डब्यावरचा बाजा तुला तोंडपाठ आहे. माझा पेला तुला आठवतो तरी का?

तू फोनवर म्हणालीस, पालखी येणार, तू चौथऱ्यावर उभी राहा. मी बरं म्हणाले. खोटं बोलले, मुद्दाम. तेव्हा कॅलेंडर समोरच होतं आणि मला सगळं लख्ख दिसलं, सयाजी, ऊन, रिकामा चौथरा. मला एवढा आनंद झाला की फोन ठेवल्यावर मी भिंतीला धरून हसले. हे आईनं मुलीला लिहू नये, पण लिहिते.

आता त्या वर्षाचं ऐक. बाबांनी तुला निम्मंच सांगितलं, माझी लाज राखायला.

माझ्या वडिलांनी बजावलं होतं, लग्न कर, पण त्यांच्या देवापुढे हात जोडायचे नाहीत, ते आपण सोडलंय. मी कबूल केलं होतं. आणि तरी त्या शिमग्याला, तुझ्या बाबांचं तोंड बघून, मी ताट हातात घेतलं. हिरवी साडी नेसले. खण, नारळ, तांदूळ, सगळं शिकून घेतलं. सकाळपासून दारात उभी राहिले. तू पोटात होतीस, पायांना सूज होती, बाबा म्हणत होते बस, मी बसले नाही, म्हटलं पालखी आली आणि मी बसलेली दिसले तर लोक काय म्हणतील. पालखी शेजारी आली. सयाजीनं माझ्याकडे बघितलं, अनू. न बघता गेला असता तर मी सोडून दिलं असतं. त्यानं बघितलं, ताट बघितलं, आणि सरळ पुढे चालू लागला. तरी मी दिवेलागणीपर्यंत उभीच होते. वाटलं, परत फिरेल.

मला त्याचा राग आहेच. पण त्या ताटासाठी मी वडिलांना दिलेला शब्द मोडला आणि ते ताटसुद्धा कोणी घेतलं नाही, हे मला जास्त झोंबतं. म्हणून मी तुझ्यावर मूर म्हणून कधी रागावले नाही. आपण ज्यांच्या दारात नटून उभे राहतो त्यांनी बघून पुढे जावं, म्हणजे काय होतं ते मला ठाऊक आहे.

विनीत तळ्यावर आला तेव्हा मी रांगेत होते. घामानं भिजलेला, हात जोडून म्हणाला, काकी, बाप मरंल माझा, चला. मी माझ्या हातातलं पाणी आधी त्याला दिलं. प्यायला बिचारा, घटाघटा. मग म्हटलं, बापाला सांग, मी ओटी भरत नाही. एकदाच भरायला उभी राहिले होते, तेव्हा तो घाईत होता. आज मी घाईत आहे.

आता तुझं. तू रागावशील, तरी लिहिते. सयाजीनं तेव्हा मला न विचारता उभी ठेवली. तू या वेळी मला न विचारता उभी करणार होतीस. जागा तीच, ताट तेच, साडीसुद्धा हिरवीच म्हणालीस. तुझा बाप मोठा व्हावा म्हणून. माझं नाव गाऱ्हाण्यात घ्यायला लावलंस ते कोणाची बायको म्हणून? त्या देवीनं मला नावानिशी ओळखावं, अशी माझी इच्छा आहे, हे तुला कोणी सांगितलं? सूड तू घेत होतीस आणि मानाची भीक मी मागायची होती.

रितेशची सही मागे घेऊ नकोस. पोटातल्या पोरावर राग काढायचं काम सयाजीनं केलंय, ते त्याच्याकडेच राहू दे. त्याला रविवारी जेवायला बोलवत जा, सुहासलाही बोलव.

आणि सयाजीला उत्तर लिही. त्यानं बोलल्याप्रमाणे केलं, ते कबूल कर, ते खरं आहे. दोघींनी मिळून केलं असं त्याला वाटतंय, ते मात्र खोडून काढ. लिही की आईनं एकटीनं केलं. खांदा दुखत असेल तर मिठाच्या पाण्यानं शेकायला सांग. माझे पाय त्या शिमग्यानंतर आठ दिवस सुजलेले होते, मी तेच करत होते.

पुढच्या वेळी मला कुठे उभं करायचं असेल तर आधी विचार. मी नाहीच म्हणेन. पण विचार.

तुझी आई,
आम्रपाली